लांबी नऊ मिलिमीटर

लांबी नऊ मिलिमीटर. रंग काळा,
पण कडेने बघितलं तर
जुन्या पितळी कुलुपाला चढतो तसला हिरवट.
हे शेवटचं शोधनिबंधात चालत नाही.
तिथे लिहिलं : काळा, किंचित धातूची झाक.

ग्वातेमाला शहरात, तिसऱ्या मजल्यावर
पंखा बंद करून बसते मी.
वाऱ्याने किड्याचा पाय उडतो,
आणि एकेका पायात
दोन-दोन आठवड्यांचं काम असतं.
टाचणी उजव्या पंखकवचातून, नेहमी उजव्याच.
का, ते मला शिकवणाऱ्यांनाही सांगता आलं नव्हतं.

आमिष कसलं होतं, सांगू?
शेणकिडा आहे हा, आणि त्या रानात
माकडं उरलीत मोजकी.
म्हणून आमचं आम्हीच,
पहाटे, आळीपाळीने, डब्यात.
डोन क्रिसांतो चोक हसून हसून खोकायचे :
एवढं शिकलात, बाई, आणि शेवटी हेच!
त्यांच्या सुनेने रांधलेल्या काळ्या घेवड्याचा
विज्ञानाला झालेला उपयोग
मी आभाराच्या परिच्छेदात घातला नाही.

पोलोचिकच्या खोऱ्यात खाली वेलदोड्याचे मळे.
लावणारे स्वतः वेलदोडा खात नाहीत,
पोती भरून कुठल्याशा वाळवंटातल्या कॉफीसाठी धाडतात,
आणि दर वर्षी मळा
एक दोरी वर सरकतो.
मळ्याच्या वर ढग. ढगात ओक,
ओकांच्या बुंध्यांना शेवाळ,
शेवाळाखाली हा.

पंखकवचं उघडायला शिवणीत सुई घातली
तर शिवण उघडेना.
दोन्ही झाकणं जुळून एकच झालेली,
आणि खाली, पंखांच्या जागी,
नखाच्या कातरणाएवढी सुरकुती.
ह्याच्या कुणा खापरपणज्याने उडणं टाकलं,
थंडी होती, पोट भरत होतं, जायचं कुठे?
म्हणजे समोरच्या डोंगरावरही
हा कधी गेला नाही. जाणारही नाही.
मी लिहिलं : उड्डाणक्षम पंख नाहीत.
मग चहा निवेपर्यंत काहीच लिहिलं नाही.

जवळच्या भाऊबंदांहून वेगळेपण तेवढं
नराच्या शिश्नाच्या टोकाशी,
डावीकडे वळलेला एक आकडा,
सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.
एवढ्यावर जात ठरते.

नावासाठी परत वर गेले.
तुमच्या भाषेत ह्याला काय म्हणतात?
काही नाही, म्हणाले डोन क्रिसांतो,
त्याने कधी आमचा मका खाल्ला नाही,
शिवी द्यायची वेळच आली नाही.
मग तुमचं देऊ? लॅटिनमध्ये, शेवटी एक 'ई' लावून?
त्यांनी कोयत्याचं पातं विजारीला पुसलं.
माझ्या बापाचं नाव एकदा कागदावर चढलं.
अंगठा दे म्हणाले, त्याने दिला.
नदीकाठचं शेत तेव्हापासून दुसऱ्याचं.
नको, बाई.

मग ठेवलं त्याच्या पाठीवरूनच : मिटलेला.
अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे
संपादकांनी तीनदा मागितले.
तिसऱ्यांदा पाठवले.
आता ज्याला वाचता येईल त्याला तो ओक सापडेल,
राखायला येणाऱ्याला, तसा तोडायला येणाऱ्यालाही.

तपासलेले नमुने : चार नर, तीन माद्या.
लाल चिठ्ठीवाला त्यातला पहिला, नावाचा धनी.
शंभर वर्षांनी कुणाला शंका आली
तर त्याचा खण उघडतील.

आठवाही होता.
डबा उपडा करताना
डोन क्रिसांतोंच्या मनगटावर चढला.
मी बाटली पुढे केली.
शिवणीचं मला तेव्हा कळायचं होतं अजून,
त्यांनी मात्र हात सावकाश शेवाळाला टेकवला.
सात आहेत ना, म्हणाले,
ह्याला चालत जायचंय,
उशीर होईल.